चुकलेलं नाव

आजऱ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या प्रज्योतला सिनेमात रोहन या नायकाचं काम मिळालं होतं. नायिका वैदेही झालेली समिधाही त्याच्याच वर्गातली. गोष्ट कोवळ्या प्रेमाची होती आणि दिग्दर्शिका ताईंना शहरातले सराईत चेहरे नको होते.

आज धरणाच्या बांधावर कबुलीचा प्रसंग होता. वाक्य एवढंच होतं, "वैदेही, मला तू आवडतेस." पण शूटिंग सुरू झाल्यापासून मनात दाबून ठेवलेलं कॅमेऱ्यासमोर उसळून वर आलं आणि प्रज्योत बोलून गेला, "समिधा, मला तू आवडतेस."

"कट!" ताई ओरडल्या. "अरे, वैदेही म्हण! नाव चुकलं तुझं!"

सगळं युनिट खो खो हसत सुटलं. प्रज्योतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. समिधा मात्र हसली नाही, नुसती पाण्याकडे बघत राहिली. ही आता आपल्याशी बोलणारसुद्धा नाही, असं त्याला वाटलं.

पुढच्या टेकला त्याने वाक्य बरोबर म्हटलं, पण अगदी पडलेल्या आवाजात. आता समिधाने म्हणायचं होतं, "रोहन, मलाही."

तिने मान वर केली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"प्रज्योत, मलाही."

"कट! आता तुझंही चुकलं का गं?"

"नाही ताई," समिधा म्हणाली. "माझं नाही चुकलं."

ताईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग युनिटकडे वळून म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी चहा घ्या. जरा लांब जाऊन घ्या."