शेजारची रिकामी खुर्ची
विमानातल्या अरुंद जागेतही प्रवाशाला ऐसपैस वाटावं, म्हणून प्रसेनजितनं वर्षभर खपून व्हीआर चष्मा घडवला होता. त्यात विमान दिसायचं, फक्त शेजारी बसलेला माणूस दिसायचा नाही. कंपनीला दाखवण्याआधी अमडापूरच्या घरी त्यानं आईला बाकावर बसवून तो तिच्या डोळ्यांवर चढवला. प्रवास म्हणून आई मांडीवर दशमी घेऊनच बसली होती. “बाजूची खुर्ची रिकामी काऊन रे?” “मानूस म्याच गायब केला.” “मंग मी बोलू कोनासंगं?” तो हसला. आता त्याला कुतूहल होतं, धक्का लागला तर आईला काय वाटेल? तो गुपचूप तिला खेटून बसला. आई थबकली. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग अंग चोरून सरकली, दशमी मोडली आणि अर्धी त्या रिकाम्या जागेपुढे धरली. त्यानं ती मुकाट घेतली. आई खुलली. “कुठवर जाता, भाऊ?”