बोटांना माहीत असलेला शब्द

“अहो, रोज सकाळी उघडता ना तो कम्प्युटर? मग पासवर्ड आठवत नाही म्हणजे काय?” तिने फोनवर जवळजवळ किंचाळतच विचारलं.

“अगं, बोटांना माहीत असतो तो. तोंडाने नाही सांगता येत,” पलीकडून नवऱ्याचा पडेल आवाज आला. पुलाच्या मोजणीसाठी तो चार दिवस बाहेरगावी गेला होता. “मी आलो की उघडून देतो.”

“अर्जाची मुदत आज पाचला संपतेय!”

“मग त्या दुरुस्तीवाल्याला विचार ना.”

त्यालाही विचारून झालं होतं. “उघडतो वहिनी, पण आतलं सगळं पुसलं जाईल,” म्हणाला होता. तिने फोन आपटला.

सव्वाचार वाजले होते. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवल्यावर पहिल्यांदाच एका शिवणवर्गाने तिला शिकवायला बोलावलं होतं. अर्जासोबत लागणारे दाखले, तिने आखलेले कापणीचे तक्ते, सगळं त्या कम्प्युटरमध्ये. फसव्या मेलांचा धसका घेऊन नवऱ्याने त्याला कुलूप घातलं. चोर काही आला नाही, घरचं माणूस मात्र दाराबाहेर! लेकीची जन्मतारीख, स्कूटरचा नंबर, लग्नाची तारीख, तिने सगळं घालून पाहिलं. स्क्रीन ढिम्म.

त्यात फोन सारखा टिंग टिंग वाजत होता. दोघांचा मिळून एकच मेल. शिवणवर्गाचं काही असेल म्हणून ती दर वेळी धावून बघायची. पार्सल अडकलंय. खातं बंद होणार. आपण कार जिंकलात. “जिंकली तुमची कार! खड्ड्यात घाला!” ती एकेक पुसत सुटली.

पुढच्या मेलवर मात्र बोट थबकलं. मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं: ‘तुझा पासवर्ड मला माहीत आहे. तोफखाना. दोन दिवसांत पैसे पाठव, नाहीतर तुझं गुपित घरच्यांना सांगीन.’

चोर घरात शिरलाच म्हणायचा! मग तिने घड्याळाकडे पाहिलं. चार चाळीस. कीबोर्ड पुढे ओढून तिने तो शब्द एकेक अक्षर शोधत टाइप केला.

कम्प्युटर उघडला.

पाचला सहा मिनिटं असताना अर्ज गेला. चोराचा मेल पुसून तिने नवऱ्याला फोन लावला.

“पाठवला अर्ज! पासवर्ड त्या मेलवाल्या चोरानेच कळवला. तोफखाना. पण काय हो, आपल्या घरात तोफखाना कुठला आला?”

पलीकडे तो दोनदा खाकरला.

“विसरलो नव्हतो गं,” शेवटी तो पुटपुटला, “पण तुलाच ठेवलेलं नाव तुझ्यासमोर उच्चारणार कसा?”