दार हळू लावा

ड्रायव्हरचा उजवा पाय टेबलाखाली सारखा ॲक्सिलरेटर दाबत होता. शेजारी बसलेल्या ताईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. उजवा थांबला आणि डावा क्लच शोधायला लागला.

"छोट्या, नीट बस," ती पुटपुटली. छोट्याचं पोट टेबलाला टेकलं होतं, पण ताईच्या लेखी तो अजून छोट्याच. "फक्त चुकलं म्हणायचं. बाकी तोंड उघडायचं नाही."

समोर टॅक्सी-ॲपच्या कंपनीच्या मॅडम लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. एका सकाळी त्याचा ॲपवरचा आयडी बंद पडला होता. का, ते ॲप सांगेना, आणि फोनवर माणूस येईना. पूर्वी एवढ्यावर विषय मिटायचा. आता नियम आला होता, की कायमचं काढून टाकण्याआधी ड्रायव्हरला समोर बसवून कारण सांगायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. त्या नियमासाठी ताईनेच सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवल्या होत्या. आज आयडी गेला तर गाडी विकायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"तुमच्याविरुद्ध असभ्य वर्तनाच्या तक्रारी आहेत," मॅडम म्हणाल्या.

ताईने चमकून भावाकडे पाहिलं. हा तर रस्त्यात कुत्रं आडवं आलं तरी 'अहो' म्हणायचा.

"मी काय म्हणालो, ते वाचा ना मॅडम."

"सगळ्यांनी तेच लिहिलंय. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, दार हळू लावा." त्या खाली खाली सरकत गेल्या. पुन्हा तेच, पुन्हा तेच. "एकांनी पुढे लिहिलंय, बापाची गाडी असल्यासारखा बोलतो."

"बापाची नाही, माझीच आहे."

ताईने गुडघा दाबला. उपयोग झाला नाही.

"पॅसेंजर उतरायला लागला ना मॅडम, की मी श्वास धरून बसतो. मागचं डावं दार दोनदा दुरुस्त केलंय. कुणी आपटलं की ते इथे लागतं." त्याने छातीवर हात ठेवला. "शिवी नाही दिली कुणाला. आवाज नाही चढवला. पण दार..."

"म्हणजे तुम्ही हे म्हणालात."

नाही म्हणता आलं असतं. गाडीत तिसरं कोण होतं? ताई तर नुसत्या ओठांनी 'चुकलं, चुकलं' म्हणून दाखवत होती.

"म्हणालो."

"आणि पुढेही म्हणणार?"

टेबलाखाली आता दोन्ही पाय सुटले होते.

"नाही म्हणणार," शेवटी तो म्हणाला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा. वरिष्ठांशी बोलून आलेच." मॅडमचा आवाज जरा मवाळ झाला होता. ताईच्या जिवात जीव आला.

मॅडम फोन कानाला लावत बाहेर पडल्या. मागे दार धाडकन आपटलं. भिंतीवरचं घड्याळ हललं.

"अहो, दार हळू लावा!"

तोंडातून निघून गेलं. ताईने कपाळावर हात मारून घेतला.

दार पुन्हा उघडलं. मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या, एक हात अजून दाराच्या मुठीवर. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. तो माफी मागायला अर्धवट उठला. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी दार ओढून घेतलं. सावकाश, अगदी शेवटच्या बोटभर फटीपर्यंत सावकाश. नुसतं टक झालं.

"गेला रे तुझा आयडी," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

तो बंद दाराकडे बघत होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे दोन्ही पाय जागच्या जागी होते.

"बघ ताई," तो म्हणाला, "जमतं की."