आठ ओळींचा कागद

"अपडेट तुम्ही केलंत?" बायकोचा लॅपटॉप उघडून बघत दुरुस्तीवालीनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली. बायको हयातीत कायम 'नंतर' असं दाबून मोकळी व्हायची. ह्याला मात्र कुठलंही काम अर्धवट लोंबकळलेलं खपत नसे.

"अपडेटनं आतलं फर्मवेअर बदललं की हा घरच्यांनाही ओळखत नाही, काका. नुसत्या पासवर्डनं भागायचं नाही, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागेल. ती नसेल तर सगळं पुसून अगदी नव्यासारखा करून देते."

पुसून. आजारपणात बायकोनं खास त्याच्यासाठी ह्याच लॅपटॉपमध्ये आवाज भरून ठेवला होता, चाळीस वेळा, जमेल तसं थोडं थोडं. लवकर सरू नये म्हणून तो पुरवून पुरवून, आठवड्याला एकच तुकडा ऐकायचा. आत्ताशी कुठे सहा झाले होते.

"काकूंनी लिहून ठेवली असेल बघा. सहा-सहा आकड्यांच्या आठ ओळी."

त्याला लगेच आठवलं. विणकामाच्या पिशवीत तिच्या अक्षरातला तसाच कागद होता. टाक्यांची मोजदाद असणार, असं तेव्हा वाटलं होतं. त्याच पिशवीतला, एका बाहीवाचून राहिलेला स्वेटर त्याचाच होता. तिला शेवटचं नेताना "तिकडे तरी पुरा कर गं," असं म्हणत त्यानं तो स्वेटर, सुया आणि घडी घातलेला कागद तिच्या हातांखाली ठेवला होता.

"सापडेल का, काका?"

"हरवलेला नाही," तो म्हणाला. "तिच्यापाशीच आहे."