इशिताची बशी

एनर्जी ड्रिंक घातलं की जंतू मरतात की तगतात, असा प्रयोग मीरा रोडच्या कॉलेजात चालला होता. जंतू ज्याने त्याने घरून आणायचे होते. कुणी मोबाइलवरचे आणले, कुणी दाराच्या कडीवरचे, आणि काचेच्या बशीत वाढवले. इशिताच्या बशीत तर पिवळेधमक ठिपके दाटीवाटीने फुलले होते. पण ड्रिंकचा कॅन तिच्या पुढ्यात न उघडताच पडून होता.

"अगं, ओत की!" नव्यानेच आलेल्या मृणालिनी मॅडम हसल्या. "जंतूच ते! त्यांचं काय सुतक पाळायचंय?"

"शून्य मार्क द्या मॅडम, पण मी नाही ओतणार."

"एवढे लाडके? आणलेस तरी कुठून?"

"दादाच्या टाळांच्या दोरीवरून. कीर्तनात उभा राहिला की त्याच्या घामानं पार भिजायची ती."

"मग विचार त्यालाच! तो म्हणेल, ओत बिनधास्त."

इशिताने बशीवर हळूच झाकण ठेवलं.

"नाइट शिफ्टला जागं राहायला तो हेच प्यायचा, मॅडम. कॅनवर कॅन. त्यातच गेला. आता त्याच्या अंगचं जिवंत असं एवढंच उरलंय."