हायड्रोजनची तांबडी रेषा

घाटमाथ्यावरच्या नाक्यावर मृणाल साळोखे खालून येणाऱ्यांच्या लाळेतला हायड्रोजन नळीत विजेने उजळवून त्याच्या प्रकाशातल्या रंगीत रेषा तपासत असे. घाटाखाली अणूंचे नियमच बदलले होते. तिथलं पाणी पिणाऱ्याच्या अंगातला हायड्रोजन हळूहळू बदलायचा, आणि एकदा तो बदलला की इथल्या पाण्याचा एक घोटही जीव घ्यायचा.

आज समोर तिचा धाकटा भाऊ धैर्यशील उभा होता. तो बायकोला शोधायला खाली गेला होता.

"सापडली नाही गं, ताई. आधी पाणी दे."

"थांब जरा."

तिने त्याची लाळ नळीत घेतली आणि तांबड्या रेषेची तरंगलांबी मोजून रिडबर्ग स्थिरांक, म्हणजे हायड्रोजनच्या रेषा कुठे पडतात ते ठरवणारा आकडा, काढला. तो इथल्यापेक्षा कमी आला. निळ्या आणि जांभळ्या रेषेवरूनही तोच आकडा आला.

"तिकडचं पाणी प्यायलास?"

"महिनाभर. दुसरं काय पिणार?"

"मग इथलं तुला चालणार नाही, धैर्या. परत जा."

"खाली कोणी उरलं नाही, ताई," असं म्हणत त्याने टेबलावरच्या तांब्याला हात घातला.

मृणालने तांब्या हिसकावून जमिनीवर उपडा केला. धैर्यशील ओल्या मातीकडे बघत राहिला. मग तो घाट उतरू लागला.