निजायची गाडी

चपला काढून, त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून तोमिएबाई पाचव्या गाडीत आडव्या झाल्या. पाय ताणले. अंगठा कशालाच टेकला नाही.

"हं," त्या म्हणाल्या.

दाराशी उभ्या त्यांच्या मुलाने, शिगेहिकोने, कान टवकारले. आधीच्या चार गाड्यांत हा 'हं' आला नव्हता. पहिली आखूड निघाली. दुसरीचं पोट इतकं खाली, की किनाऱ्यावरच्या गोट्यांनी ते दोन दिवसांत फाडलं असतं. तिसरीच्या सीटा पाडल्या तरी मधे उंचवटा. चौथीत कुणीतरी अत्तर सांडलेलं. "माझ्या कपड्यांना हा वास लागला तर बायका मला मालाजवळ फिरकू देणार नाहीत," असं म्हणून ती आईनेच मोडीत काढली होती. शिगेहिको मनात खूश झाला होता.

सप्पोरोत तो लिफ्टांची तपासणी करायचा. दोष काढणं हा पोटापाण्याचाच धंदा. आज त्याला एवढंच शाबीत करायचं होतं, की त्र्याहत्तर वर्षांच्या आईला निजता येईल अशी गाडी अख्ख्या उराकावा गावात नाही.

फेब्रुवारीच्या वादळात आईची किनाऱ्यावरची झोपडी वाहून गेली. राहतं घर डोंगरामागे, पाऊण तासावर. कोंबू, म्हणजे समुद्रातलं ते लांब पट्ट्यांचं शेवाळ, त्याचा मोसम जुलैत उघडतो. पहाटे मच्छीमार संघाचा झेंडा वर चढला की होड्या सुटतात, आणि माल वाळवणाऱ्या बायका तोवर किनाऱ्यावर हजर लागतात. अंधारात गाडी हाकायची नाही, ही मुलाची अट. मग गाडीतच झोपेन, हे आईचं उत्तर. शेवटी तोड निघाली. आज संध्याकाळपर्यंत निजायजोगी गाडी मिळाली तर मोसम. नाही मिळाली तर मुलाकडे, सप्पोरोच्या सातव्या मजल्यावर.

त्या किनाऱ्यावर तोमिएबाईंइतका सरळ कोंबू अंथरणारं दुसरं माणूस नव्हतं. त्या हे स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कुणी सांगेपर्यंत तिथून हलत नसत, एवढंच.

"वनखात्याची गाडी आहे, आजी," जुन्या गाड्या विकणारा कुदो म्हणाला. "चारही चाकं ओढतात. कुठंही रुतवा, बाहेर येते."

"मला रुतवायची कशाला, बाबा? झोपायचंय."

"मग तर सोन्याहून पिवळं! आधीचा चालक हिच्यात इतका झोपला, की नोकरीतून काढलं त्याला."

तोमिएबाई खुदकन हसल्या. शिगेहिको हसला नाही. त्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या, चाकं दाबून पाहिली, दारं उघडमिट केली. दोष सापडेना. मग त्याला जागा आठवली.

"आई, गाडी उभी कुठं करणार? झोपडी होती तिथंच ना?"

"तिथंच."

"त्या बोळात गाडी एकाच तऱ्हेने बसते. नाक समुद्राकडे. आणि उतार?"

"समुद्राकडेच. दुसरीकडे कुठं असणार?"

"म्हणजे डोकं वरच्या अंगाला, डोंगराकडे." त्याने हाताने दिशा दाखवली. "डोंगराकडे उत्तर आहे, आई."

कुदोचा टपावरचा हात थबकला. उत्तरेला उशी मेलेल्यासाठी मांडतात. जिवंत माणूस चुकूनही तशी घेत नाही, आणि तोमिएबाई तर परगावच्या खानावळीतसुद्धा आधी दिशा विचारून मग अंथरूण घालणाऱ्या.

"उलटं झोपल्या तर?" कुदोने विचारून पाहिलं.

"सगळं रक्त डोक्यात उतरेल," शिगेहिको म्हणाला. खटला जिंकल्यासारखं त्याला वाटलं, आणि लगेच आईकडे बघवेना. तो आवाज मऊ करून म्हणाला, "हे मी नाही सांगत, आई. तूच शिकवलंस. लहानपणी झोपेत मी वळलो तर माझी उशी फिरवायला तू उठायचीस."

तोमिएबाई तशाच, ताठ, आडव्या होत्या.

"तुझी फिरवायचे," त्या म्हणाल्या. "डोंगरामागच्या घरात सगळ्यांचीच फिरवायचे. झोपडीत तुझे बाबा आणि मी बेचाळीस मोसम उत्तरेलाच डोकं करून निजलो."

शिगेहिको दारात वाकला. "आणि भीती?"

"कसली रे भीती? पाय समुद्राकडे असले की डोळा उघडताच झेंडा दिसतो. बाकीच्या चपला शोधत बसायच्या, तोवर मी निम्म्या किनाऱ्यावर." त्यांनी अंगठे हलवून दाखवले. "मेलेल्यांना कुठं धावायचं असतं?"